सात दिवसांत पाच किलो? आधी पाण्याचा हिशेब मांडू

घोडबंदर रोडच्या सिग्नलला थांबलं की पुढच्या रिक्षाच्या पाठीवर हल्ली हमखास एकच जाहिरात दिसते : ‘७ दिवसांत ५ किलो वजन कमी. व्यायाम नाही, औषध नाही.’ खाली मोबाइल नंबर. नवरात्र जवळ आली की या जाहिराती वाढतात. आणि माझ्या वर्गातल्या एफवाय-एसवायच्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्नही तेव्हाच येतो : “मॅडम, पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं. मग काटा हलेचना. आमचं काय चुकलं?”

त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात जे उतरलं त्यात चरबी फार थोडी होती, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि या एका प्रश्नात माझा सगळ्यात आवडता रेणू दडलेला आहे, म्हणून आज तो नीट उलगडते.

आधी साधी आकडेमोड. एक ग्रॅम शुद्ध चरबीत ९ किलोकॅलरी ऊर्जा असते. शरीरातल्या चरबीच्या थरात थोडं पाणी आणि प्रथिनंही असतात, त्यामुळे त्यातला एक किलो कमी करायचा तर साधारण ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. पाच किलोंना ३८,५००. सात दिवसांत भागा : रोज ५,५००. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी बघा. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची दिवसाची ऊर्जेची गरज १,६६० किलोकॅलरी, ६५ किलोच्या पुरुषाची २,११०. म्हणजे या ५५ किलोच्या स्त्रीने आठवडाभर अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी तूट होणार ११,६२० ची. सगळीच्या सगळी चरबीतून भागली असं धरलं तरी दीड किलो! पाच किलो चरबी सात दिवसांत जाणं हे कठीण वगैरे नाही, अशक्य आहे.

पण मग ते अडीच किलो कुठे गेले? काटा तर खोटं बोलत नाही.

ते गेले ग्लायकोजेनबरोबर. १८५७ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी यकृतातून हा पदार्थ वेगळा काढला. आपण भात-पोळी खातो, तिचं ग्लुकोज होतं, आणि लगेच न लागणारं ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवलं जातं. मध्यम बांध्याच्या माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम. रात्रभर पोट रिकामं असताना मेंदूला ग्लुकोज पुरतं ते यकृतातल्या साठ्यातून. ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून धावत लोकल गाठता, तेव्हा मांड्या वापरतात तो स्नायूंमधला.

ग्लुकोज आहे तसंच का साठवत नाही शरीर? याचं उत्तर आठवीच्या पुस्तकात आहे. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, ते परासरण. पाणी किती ओढलं जाईल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, त्यांच्या आकारावर नाही. यकृताच्या पेशीत ग्लायकोजेन म्हणून जेवढं ग्लुकोज बांधलेलं असतं, ते सुटं असतं तर त्याची संहती, म्हणजे द्रावणातलं कणांचं प्रमाण, ०.४ मोलर झाली असती. रक्तातल्या ग्लुकोजची असते साधारण ५ मिलिमोलर, म्हणजे ०.००५ मोलर. ऐंशीपट फरक! पाणी आत घुसून पेशी फुटलीच असती. म्हणून शरीर हजारो ग्लुकोज एकाच कणात गुंफतं. ग्लायकोजेनिन नावाचं प्रथिन मध्यभागी बसतं, त्यावर पहिले काही ग्लुकोज जोडले जातात, पुढची सरळ साखळी अल्फा-१,४ नावाच्या बंधांनी वाढते, आणि दर आठ-बारा ग्लुकोजनंतर अल्फा-१,६ बंधाने एक फांदी फुटते. फांदीला फांदी, असे बारापर्यंत थर. पूर्ण वाढलेल्या एका कणात ५५,००० पर्यंत ग्लुकोज मावतात. कणांची संख्या इतकी घटते की संहती काही मायक्रोमोलरवर, म्हणजे मोलरच्या काही दशलक्षांशांवर येते आणि परासरणाचा धोका टळतो. शिवाय फांद्या जितक्या जास्त तितकी मोकळी टोकं जास्त, आणि प्रत्येक टोकाशी फॉस्फोरायलेज हे विकर (एन्झाइम) एकाच वेळी ग्लुकोज सोडवत बसतं. जिना चढताना ऊर्जा क्षणात मिळते ती यामुळे. गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याला १९४७ चं नोबेल मिळालं ते ग्लायकोजेनची ही घडामोड उलगडल्याबद्दल.

एवढं करूनही पाणी पूर्ण टळत नाही. ग्लुकोजच्या प्रत्येक घटकावर हायड्रॉक्सिल (–OH) गट असतात आणि ते पाण्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. रात्री भिजत घातलेला साबुदाणा सकाळी टपोरा होतो, तसं पाणी ग्लायकोजेनच्या अंगात मुरलेलं असतं : एका ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम. आता बेरीज करा. ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, त्याबरोबर दीड लिटर पाणी, मिळून दोन किलो. आणि या दोन किलोंतली ऊर्जा किती? ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, म्हणजे उणीपुरी २,०००. पाण्यातून शून्य.

जाहिरातीचं सगळं गुपित इथे आहे. दोन हजार किलोकॅलरींची तूट ग्लायकोजेनमधून भागली तर काटा दोन किलोंनी उतरतो. तीच तूट चरबीतून भागली तर फक्त २६० ग्रॅमनी. भात-पोळी एकदम बंद केली की शरीर आधी ग्लायकोजेनला हात घालतं, म्हणून सुरुवात अशी धडाक्यात होते. त्यात भर म्हणजे इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं एरवीपेक्षा जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि सोडियमबरोबर आणखी पाणी जातं. साठा आटला की खरी चरबी वापरली जाऊ लागते आणि नेमका तेव्हाच काटा मंदावतो. मुलं तिथेच हिरमुसून सोडून देतात. खरं काम सुरू झालेलं असतं त्याच आठवड्यात! मला याचं मनापासून वाईट वाटतं.

परतीचा प्रवासही असाच फसवा. शनिवारी मावसभावाच्या लग्नात जेवलात, रविवारी मामलेदार कचेरीशेजारी मिसळ खाल्लीत, सोमवारी काटा दीड किलो वर. दीड किलो चरबी चढायला साडेअकरा हजार किलोकॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. तेवढं कोणी खात नाही. ग्लायकोजेन भरलं, त्याचं पाणी आलं, आणि मिठाचं आलं. सलाइनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताशी जुळणारं. याच हिशेबाने साडेचार ग्रॅम जादा मीठ पोटात गेलं तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत जवळपास अर्धा लिटर पाणी अंगात थांबतं. फरसाण, कट, वर पापड, लोणचं, एवढं मीठ सहज होतं. अनेक मुलींना पाळीच्या आधीच्या दिवसांतही काटा असाच वर गेलेला दिसतो. तेही बरंचसं पाणीच.

पोटाला गुंडाळायचे घामाचे पट्टे, ‘डिटॉक्स’ चहा, पहाटेचं मध-लिंबू-गरम पाणी यांबद्दल एकदाच बोलते. पट्ट्याने घाम जातो, म्हणजे पाणी. यांतल्या कित्येक चहांत सोनामुखी असते. ती रेचक आहे, जुलाब करवते, पुन्हा पाणीच जातं, आणि रोज घेतली तर क्षारांचं संतुलन बिघडतं. मध-लिंबाने चरबी ‘वितळत’ नाही. चरबी पेशीत ऑक्सिजनबरोबर जळते आणि तिचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतो; लिंबू त्या वाटेत कुठेच येत नाही. आणि एकादशी, दुप्पट खाशी असा उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीने ग्लायकोजेनची कोठी पुन्हा काठोकाठ भरते.

आता पुढचा टप्पा. समजा कॉलेजबाहेरचा रोजचा वडापाव सोडला, ३०० किलोकॅलरी वाचल्या. ३६५ ने गुणा, ७,७०० ने भागा : वर्षात १४ किलो. फोनमधली ॲप्स बहुधा असाच हिशेब दाखवतात. शरीर तसं वागत नाही. वजन उतरलं की लहान शरीराला ऊर्जा कमी लागते, त्यामुळे तीच ३०० ची तूट महिन्यागणिक आक्रसत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचं गणिती प्रारूप मांडलं. जास्त वजन असलेल्या सरासरी प्रौढासाठी त्यांचा ठोकताळा असा : रोजच्या खाण्यात कायमची २४ किलोकॅलरींची कपात म्हणजे शेवटी एक किलोचा फरक, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, ९५ टक्के तीन वर्षांत. या हिशेबाने वडापाव सोडल्याचे १४ नाही, पहिल्या वर्षात सहाच्या आसपास किलो. सहा किलो हे यश आहे. चौदाची अपेक्षा धरली तर तेच अपयश वाटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो हा वेग सुरक्षित मानला आहे आणि रोजचा आहार १,००० किलोकॅलरींच्या खाली नेऊ नका असं बजावलं आहे. एक उदाहरण घेऊ. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २६.६. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता धरतात. या मुलीने पहिलं लक्ष्य वजनाच्या पाच टक्क्यांचं ठेवावं, ३.४ किलो, एवढ्यानेही रक्तातली साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. कागदावर सात आठवडे लागतील, हातात बारा धरावेत, कारण मध्ये गणपती आहेत, सबमिशन आहेत, परीक्षा आहेत. ऑगस्टला सुरुवात केली तर दिवाळीच्या सुमारास होतं. मग महिनाभर तेच वजन टिकवायचं आणि पुढचं लक्ष्य नंतर ठरवायचं.

फक्त किलोंकडे बघू नये याचं कारण पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली चरबी काट्यापेक्षा पोटावर आधी दिसते. म्हणून टेप घ्या : कंबर मुलींची ८० आणि मुलांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी. आणि स्नायू टिकवा. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. डब्यात मटकीची उसळ, दही, अंडी यांपैकी काहीतरी रोज हवं. आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका पुरे, जिमची फी नसली तरी. ठाण्यात उपवन, खारघरला सेंट्रल पार्क, वाशीला सागर विहार, चालायला जागा आहेत. स्टेशन ते तलावपाळी शेअर रिक्षा न करता पायी गेलात तरी रोजचं चालणं होतं.

वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. रोजचा आकडा लिहा, पण बघा आठवड्याची सरासरी. पहिला आठवडा हिशेबातून वगळा, तो ग्लायकोजेनचा. मुलींनी या महिन्याच्या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. चार आठवड्यांत सरासरी आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील तरच खाण्यात आणखी शंभर-दीडशे किलोकॅलरींचा बदल करा. ज्यांचा बीएमआय आणि कंबर आधीच मर्यादेत आहे त्यांनी किलोंचं लक्ष्य ठेवूच नये. पाळी चुकू लागली, चक्कर येऊ लागली, केस गळू लागले किंवा दिवसभर खाण्याचे आणि वजनाचे आकडेच डोक्यात फिरू लागले, तर लक्ष्य बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. घरच्यांना सांगता येत नसेल तर कॉलेजच्या समुपदेशकांना सांगा.