‘कॉन्ट्रॅक्टवर आहे’, पण कोणाच्या?

‘कॉन्ट्रॅक्टवर लागलोय’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या नोकऱ्यांना लावलं जातं. एकीत कंपनी तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी थेट नेमते. दुसरीत तुम्ही ठेकेदाराचे कामगार, फक्त काम कंपनीत करता. दोघांच्याही गेटपासवर कंपनीचंच नाव असू शकतं, म्हणून त्यावर जाऊ नका. पीएफच्या पासबुकात आस्थापना कोणती दाखवली आहे आणि नेमणूकपत्रावर सही कोणाची आहे, ते बघा.

थेट मुदतीच्या कामगाराला तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी पगार, भत्ते किंवा जास्त तास देता येत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार (नव्या केंद्रीय कामगार कायद्यांनुसार) त्याला ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेसाठी, पाच वर्षं थांबावं लागत नाही, वर्षभराची सेवा पुरते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये असेल, तर २६ ने भागून १५ ने गुणा: वर्षाचे १०,५०० रुपये. खोच इथेच आहे. करार ११ महिन्यांचा असेल, तर वर्ष भरतच नाही. मग दोन दिवसांचा ‘ब्रेक’ आणि पुन्हा ११ महिने. वर्षानुवर्षं हेच चाललं आणि हेतू कायमपणाचे हक्क नाकारण्याचा असेल, तर ती अनुचित कामगार प्रथा ठरू शकते. म्हणून प्रत्येक करार आणि पगारपत्रक जपून ठेवा.

मुदत संपून करार वाढवला नाही, तर ती कायद्याने कामगार कपात नव्हे, त्यामुळे कपातीची भरपाई मिळत नाही. मुदतीआधी काढलं, तर मात्र ही पळवाट मालकाला नाही.

ठेकेदाराच्या कामगाराला हा एक वर्षाचा नियम आपोआप लागत नाही. ठेकेदाराने स्वतः मुदतीचा लेखी करार केला नसेल, तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षंच. त्यातून ठेका बदलला की नवा ठेकेदार सेवा पहिल्या दिवसापासून मोजू पाहतो. पण कामगाराच्या बाजूने एक भक्कम तरतूद आहे: ठेकेदाराने पगार थकवला, तर तो द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे काम जिथे चालतं त्या कंपनीवर येते. तेव्हा लेखी तक्रार दोघांनाही द्या आणि पोच घ्या.

आणि ठेका नुसता कागदावरचा असेल? रजा, शिस्त, कामाचं वाटप सगळंच कंपनी बघत असेल? सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या ‘सेल’ (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) निकालानुसार एखाद्या कामात सरकारने ठेका पद्धतीवर बंदी घातली म्हणून कोणी आपोआप कायम होत नाही. पण ठेका बनावट असल्याचं औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झालं, तर ते कामगार कंपनीचेच धरले जातात.