उन्हाळ्यात टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो?

दर एप्रिलमध्ये इंडियन ऑइलच्या नावाने एक संदेश फिरतो: तापमान वाढलंय, टाकी अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल. कंपनीने हा इशारा आपला नसल्याचं जाहीर केलं आहे, तरी तो थांबत नाही.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. रिफायनरीत वेगवेगळ्या प्रक्रियांतून निघालेले हलके हायड्रोकार्बन मिसळून ते बनतं. त्यातले काही घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात, जड घटक २०० अंशांच्या जवळ. म्हणून वाफ होते, हे खरं. पण ठिणगी किंवा ज्योत नसताना पेट्रोल आपोआप पेटायला साधारण २५० अंशांहून जास्त तापमान लागतं. विदर्भातल्या ४७ अंशांच्या उन्हात उभी गाडी त्याच्या जवळपासही जात नाही.

आता प्रसरण. १० अंश वाढले की पेट्रोल सुमारे एक टक्का फुगतं. म्हणजे १२ लिटरच्या टाकीत १२० मिलिलिटर. एवढी जागा टाकी बनवतानाच सोडलेली असते, आणि वाफ टाकीला जोडलेल्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात, शोषली जाते.

मात्र नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी ओतायला लावू नका, हे मी आग्रहाने सांगेन. ती मोकळी जागा भरते, पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो. पंपावर खरा धोका ठिणगीचा: पेट्रोल भरताना इंजिन बंद, सिगारेट नाही.