प्रायश्चित्त व तारण : ख्रिस्ती सिद्धांत आणि आफ्रिकी पारंपरिक धर्म

पापामुळे देव व माणूस यांच्यात पडलेला दुरावा येशूच्या वधस्तंभावरील मरणाने मिटला, या ख्रिस्ती श्रद्धेला प्रायश्चित्ताचा सिद्धांत म्हणतात. त्यातून लाभते ते तारण. हे मरण नेमके कसे कामी आले, याबद्दल मात्र ख्रिस्ती परंपरेत एकमत नाही. आरंभीच्या शतकांत माणसाच्या सुटकेसाठी दिलेली खंडणी आणि सैतानावरील विजय या कल्पना प्रबळ होत्या. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित अन्सेल्मने (१०३३–११०९) देवाच्या दुखावलेल्या मानाची भरपाई असा अर्थ लावला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांच्या मते आपल्या वाट्याची शिक्षा येशूने भोगली.

‘आफ्रिकी पारंपरिक धर्म’ हे शेकडो समाजांच्या परंपरांना दिलेले सोयीचे नाव आहे, त्यामुळे एखादा समाज घेऊन बोललेले बरे. नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात आजारपण आले, मूल होईना किंवा धंदा बसला की माणूस बाबालावोकडे, म्हणजे इफा दैवज्ञाकडे जातो. इफाच्या २५६ ओडूंपैकी, म्हणजे दैवसंकेतांपैकी, जो निघेल त्यानुसार ‘एबॉ’, म्हणजे बळी किंवा नैवेद्य, सांगितला जातो : कधी याम कंद किंवा कोलाफळ, कधी कोंबडी, कधी बकरा. तो देवतांपर्यंत पोचवण्याचे काम एशू या दूतदेवतेचे. मरण घिरट्या घालत असेल तर माणसाच्या बदली जनावर देतात. मागणे असते ते दीर्घायुष्य, संतती, संपत्ती आणि घरातल्या शांतीचे. हे तारण याच आयुष्यातले आहे, आणि म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही.

बदलीची कल्पना दक्षिण सुदानच्या नुएर लोकांतही आहे. बळी द्यायला बैल नसेल तर ते रानकाकडी कापतात आणि तिला बैलच मानतात.

केनियाचे धर्मपंडित जॉन म्बिटी (१९३१–२०१९) यांच्या मते आफ्रिकी कालकल्पना भूतकाळाकडे झुकलेली असल्याने तिच्यात अंतिम मुक्तीला जागा नाही. युगांडाचे कवी व मानवशास्त्रज्ञ ओकोट प’बिटेक यांनी अशा अभ्यासावरच आक्षेप घेतला : आफ्रिकी देवतांना पाश्चात्त्य, ख्रिस्ती साच्यात का बसवायचे? हा आक्षेप रास्त आहे. ‘तारण आहे की नाही’ या प्रश्नातच उत्तराचा साचा ठरून जातो. घानाचे ख्रिस्ती धर्मपंडित क्वामे बेडियाको (१९४५–२००८) दुसऱ्या वाटेने गेले. घानातील अकान समाजातील पूर्वजांचे स्थान ध्यानात घेऊन त्यांनी येशूला पूर्वज म्हणून पाहिले. याजक, बळी आणि मध्यस्थी यांविषयी बोलणारे बायबलच्या नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ त्यांना आफ्रिकी वाचकाच्या विशेष जवळचे वाटे. बळी एकदाच आणि कायमचा, हे त्या पत्राचे म्हणणे मात्र पुन्हापुन्हा द्याव्या लागणाऱ्या एबॉशी जुळत नाही.

शब्दांची देवघेव याआधीच झाली होती. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने सोडवलेला सॅम्युएल अजायी क्राउथर पुढे बिशप झाला आणि योरुबा बायबलच्या भाषांतराचा प्रमुख कर्ता ठरला. मराठी बायबलने हिंदू धर्मशास्त्रातला ‘प्रायश्चित्त’ हा शब्द घेतला, तसाच योरुबा बायबलने बळीसाठी ‘एबॉ’ घेतला. तारणासाठी तिथे ‘इग्बाला’ हा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ सोडवणूक, आणि क्राउथरने ती स्वतः अनुभवली होती.