कोंबडीचं शहाणपण सापाला चालत नाही

खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवते. हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं, की पाळलेल्या कॉर्न स्नेकनं पहिल्यांदा अंडी घातली की मालकाचे हात शिवशिवू लागतात. आणि गफलत तिथंच होते. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पीळदार धाग्यांनी सावरून धरलेला असतो, त्यामुळे अंडं फिरलं तरी बिघडत नाही. सापाच्या अंड्यात हे धागे नसतात. गर्भ वरच्या बाजूला कवचालगत स्थिरावतो आणि नंतर अंडं उलटलं, तर बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून अंडी उचलण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलीनं वरची बाजू दाखवणारी हलकी खूण करायची. अंडी एकमेकांना चिकटून घोस झाला असेल, तर तो घोस तसाच ठेवायचा.

अर्थात अंड्यांपर्यंत पोचायचं तर तयारी कितीतरी आधीपासून हवी. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथं थंडीत तो सुस्तावतो आणि वसंतात जोडीदार शोधतो. घरात हाच हिवाळा उभा करायचा म्हणजे दोन-तीन महिने 10 ते 15 अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि प्यायला पाणी. त्याआधी किमान दोन आठवडे उपास. सापाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. ती नसेल तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजतो. काही जोड्या या थंडीशिवायही जमतात, पण निसर्गाच्या वेळापत्रकावर माझा जास्त भरवसा आहे.

मादीबाबत मात्र तडजोड नको. पाळणाऱ्यांमध्ये तीनचा हिशेब चालतो: वय तीन वर्षं, लांबी तीन फूट, वजन 300 ग्रॅम, आणि हे सगळं किमान. लहान मादीच्या पोटात अंडी अडकली, तर ती जिवावर बेतू शकतात. थंडी संपली की पुन्हा ऊब आणि खाणं सुरू होतं, मादी कात टाकते आणि तिच्या त्वचेचा गंध नराला वेडं करतो. तो जिभेनं हवेतले कण गोळा करून टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवतो. नराला जननेंद्रियं दोन असतात, शेपटीच्या मुळाशी आत दुमडलेली. एका मीलनात वापरतो मात्र एकच.

पुढं महिना-दीड महिन्यानं मादी पुन्हा कात टाकते. ही कात म्हणजे सूचना: अंडी आठवड्या-दोन आठवड्यांवर आली. तोवर ओलसर मॉस भरलेला, आत शिरण्यापुरतं भोक असलेला डबा तिच्याजवळ हवा. मनासारखी जागा नसेल तर ती पाण्याच्या भांड्यातही अंडी घालते, आणि ती बुडून वाया जातात.

एका खेपेला साधारण 10 ते 30 अंडी होतात. कवच चामड्यासारखं मऊ, पाणी शोषून फुगणारं. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुशात (मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये), ती 27-28 अंशांना ठेवली, की सुमारे दोन महिन्यांत फुटतात. मगरींमध्ये अंड्याच्या तापमानावर नर-मादी ठरतात. इथं तसं नाही. कॉर्न स्नेकमध्ये लिंग आईच्या गुणसूत्रावरून ठरतं.

मग एके दिवशी कवचावर बारीक चीर दिसते. पिल्लू अंडदातानं ती पाडतं, नाकाडं बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं, कधी कधी दीड-दोन दिवस. काहीजण इथं कात्री घेऊन मदतीला धावतात. पिल्लू अडकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं.

एवढा खटाटोप बहुतेकजण करतात तो रंगांसाठी. काळं रंगद्रव्य नसलेला, लालबुंद ‘अमेल’ हा या छंदातला जुना आणि प्रसिद्ध प्रकार. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यामागचं कारण दाखवलं: ओसीए2 नावाच्या जनुकात घुसलेला डीएनएचा एक उपरा तुकडा. दोन्ही पालकांकडून हे बिघडलेलं जनुक आलं तरच रंग बदलतो. काळ्याबरोबर लाल रंगही गेला, की पांढरट ‘स्नो’ मिळतो. काळा आणि लाल घालवणारी दोन्ही जनुकं लपवून असलेल्या साध्या रंगाच्या जोडीला ‘स्नो’ होण्याची शक्यता प्रत्येक अंड्यामागे सोळात एक. पण सोळा अंडी झाली म्हणजे एक ‘स्नो’ ठरलेलाच, असं नाही. गणित केलं तर सोळांत एकही ‘स्नो’ न निघण्याची शक्यता जवळपास 36 टक्के येते. प्रत्येक अंड्याचा फासा वेगळा पडतो.

पिल्लं जेमतेम पेन्सिलीएवढी जाड असतात. आठवड्या-दीड आठवड्यात पहिली कात टाकली, की प्रत्येकाला उंदराचं नवजात, गुलाबी पिल्लू द्यायचं, आणि तेही वेगवेगळ्या डब्यांत, कारण एकत्र ठेवली तर क्वचित एकमेकांनाच गिळतात. बहुतेक खातात. काही हटवादी निघतात, कारण रानात या वयात त्यांच्या पोटात जातात त्या मुख्यतः पाली-सरडे आणि छोटे बेडूक. अशांसाठी उंदराचं पिल्लू सरड्याच्या अंगावर घासून पुढं ठेवतात. तरीही जिभेनं चाचपून तोंड फिरवणारं एखादं असतंच. मग डबा झाकायचा, दिवा मालवायचा आणि रात्रभर तिकडं फिरकायचं नाही.