परदेशात स्थायिक झालं की शेती जाते?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज: "मुलगा कायमचा परदेशात गेला की उताऱ्यावरचं नाव कमी होतं, जमीन सरकारजमा होते." लॅपटॉपवर काम करणारी पोरं बाहेर स्थायिक व्हायला निघाली की घरचे याच भीतीनं अडतात. वडिलार्जित जमिनीवर जीव आहे, भीती वाटणारच.

पण कायदा तसा नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचं, म्हणजे 'फेमा'चं, कलम ६(५) पाहा. भारतात राहत असताना घेतलेली किंवा इथं राहणाऱ्याकडून वारशानं आलेली स्थावर मालमत्ता परदेशात राहूनही ठेवता येते. त्यात शेतीही आली.

मग अफवा आली कुठून? अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, हे खरं आहे. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. 'घेता येत नाही'चं सांगता सांगता 'राहत नाही' झालं असावं.

स्वतः बघायचं तर कर्नाटकच्या 'भूमी' संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर घाला. उतारा समोर येतो. गेल्यावरही अधूनमधून तो उघडून नाव तपासा. बँकेतलं बचत खातं मात्र एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं रुपयातलं साधं खातं, करून घ्यावं लागतं, ते विसरू नका.