कासाल्स, पाउ
कासाल्स, पाउ : (२९ डिसेंबर १८७६–२२ ऑक्टोबर १९७३). कॅटलन चेलोवादक, संगीतसंचालक व संगीतरचनाकार. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले, बसून गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचे मोठे वाद्य. जगभर ‘पाब्लो’ या स्पॅनिश नावाने ते ओळखले गेले. स्वतः मात्र ‘पाउ’ हेच नाव लावत. कॅटलन भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता.

जन्म स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलोनियातील अल् वेंद्रेल या गावी. वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. पाउंचे पहिले तंतुवाद्य होते सुक्या भोपळ्याला दांडी व तार जोडून केलेले. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना हे ऐकून बरे वाटते. खरा चेलो त्यांनी अकराव्या वर्षी पाहिला आणि त्याच्याच मागे लागून ते बार्सेलोनाच्या संगीतशाळेत दाखल झाले.

तिथे विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक ठेवत. गज चालवताना ते पडता कामा नये, म्हणजेच कोपर अंगाला चिकटलेले राहिले पाहिजे, असा दंडक. कासाल्सनी पुस्तक काढून टाकले आणि खांद्यापासून सगळा हात मोकळा सोडला. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात. लांबच्या स्वरासाठी तेव्हाचे वादक डावा पंजाच सरकवत आणि दोन स्वरांमध्ये नको असलेली घसीट ऐकू येई. कासाल्स बोटे फाकवून स्वर गाठत, त्यामुळे सुरांचे वाक्य न तुटता पुढे जाई. आज कोणताही विद्यार्थी पहिल्या वर्षापासून असाच बसतो, असाच हात ठेवतो.

१८९० साली वडिलांबरोबर बार्सेलोनाच्या बंदराजवळच्या एका दुकानात जुनी स्वरलिपी चाळताना त्यांना जर्मन संगीतरचनाकार बाखच्या एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहा स्वीटांची प्रत सापडली. प्रत्येक स्वीट म्हणजे एक प्रस्तावना आणि तिच्यामागून येणारे पाच नृत्यप्रकार. तोवर या रचनांकडे बहुतेक जण हात साफ करण्याचे पाठ म्हणूनच पाहत. मैफलीत फार तर एखादा तुकडा वाजे. कासाल्सनी त्यांच्यावर बारा वर्षे रियाज केला, मगच एक अख्खा स्वीट लोकांपुढे वाजवायला बसले. १९३६ ते १९३९ या काळात लंडन व पॅरिसमध्ये त्यांनी सहाही स्वीटांचे ध्वनिमुद्रण केले. त्यात कुठे कुठे गज खरखरतो, ताल थोडा ओढला जातो. तरीही नृत्याचा ठेका इतका जिवंत दुसरीकडे क्वचितच सापडतो.

१८९९ मध्ये लंडन व पॅरिसला वाजवल्यावर त्यांचे नाव झाले. पियानोवादक कॉर्तो आणि व्हायोलिनवादक तिबो यांच्याबरोबरचे त्यांचे त्रिकूट गाजले. १९२० मध्ये बार्सेलोनात त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. कामगारांना नाममात्र वर्गणीत त्याच्या मैफली ऐकता याव्यात म्हणून संघटना काढली.

१८ जुलै १९३६ रोजी बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना लष्करी उठावाचा निरोप आला : मैफल रद्द, सगळ्यांनी घरी जावे. कासाल्सनी वादकांना व गायकांना विचारले, निरोप घेण्याआधी ही रचना पुरी करायची का? शेवटचे वृंदगान पूर्ण करूनच सगळे पांगले.

उठावाचा नेता फ्रँको याची स्पेनवर सत्ता आल्यावर ते सीमेपलीकडे फ्रान्समधील प्राद या गावी राहिले. छावण्यांमधल्या कॅटलन निर्वासितांसाठी पैसे जमवणे, पत्रे लिहिणे हेच त्यांचे काम झाले. महायुद्ध संपल्यावर मित्रराष्ट्रे फ्रँकोला हटवतील ही आशा फोल ठरली, तेव्हा त्यांनी जाहीर वादन थांबवले. ऐन भरातल्या कलावंताने पत्करलेले हे मौन त्यांच्या वादनाइतकेच मोलाचे मानायला हवे. १९५० मध्ये, बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, इतर कलावंतच प्रादला आले आणि तिथल्या चर्चमध्ये महोत्सव भरला.

१९५६ मध्ये ते आईच्या जन्मभूमीत, कॅरिबियनमधील पोर्तो रिको बेटावर, स्थायिक झाले. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशात वाजवायचे नाही हा नियम त्यांनी १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी अपवाद म्हणून मोडला. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात, वयाच्या ९४ व्या वर्षी, ‘पक्ष्यांचे गाणे’ ही कॅटलन लोकधून त्यांनी वाजवली. आमच्याकडचे पक्षी आकाशात ‘पीस, पीस’ (इंग्रजीत ‘शांतता, शांतता’) असे गातात, असे त्यांनी आधी श्रोत्यांना सांगितले होते.

हद्दपारीत ते अल् वेंद्रेलला गेले ते १९५५ मध्ये, सहचारिणीला तिथल्या मातीत पुरण्यासाठी. पोर्तो रिकोतील सान हुआन येथे ते वारले, तेव्हा फ्रँको हयात होता. १९७९ मध्ये त्यांचे अवशेष अल् वेंद्रेलला आणण्यात आले.