युरोपात फॉर्म्युला ४ : पात्रता, परवाना, कागदपत्रं आणि ती कोणत्या क्रमानं करायची

कार्टिंगमध्ये दोन-तीन वर्षं बरी गेली की घरात एक प्रश्न निघतोच, "इटालियन एफ-फोरचा फॉर्म कुठे मिळतो?" मुलानं भरून पाठवायचा असा फॉर्म नसतो. चॅम्पियनशिपमध्ये नोंदणी टीम करते, तीही तिकडे. आपल्या वाट्याची बहुतेक कामं इथेच होतात: फेडरेशनकडे, डॉक्टरकडे, बँकेत, व्हिसा केंद्रावर. आणि ती एकमेकांवर अवलंबून असतात. एक कागद अडला की पुढचे दोन हलत नाहीत. म्हणून यादीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

आधी स्पर्धा कोणती ते पाहू. फॉर्म्युला ४ ही एफआयएनं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेनं, कार्टिंग आणि फॉर्म्युला ३ यांच्यामध्ये ठेवलेली पायरी. युरोपात ती इटली, ब्रिटन, स्पेन, फ्रान्स अशा देशांत स्वतंत्रपणे चालते. त्यातली इटालियन स्पर्धा २०१४ पासून सुरू आहे. आयोजन इटलीच्या ऑटोमोबाइल क्लबच्या क्रीडा विभागाचं, म्हणजे एसीआय स्पोर्टचं. प्रमोटर डब्ल्यूएसके प्रमोशन. पहिल्या वर्षीचा विजेता लान्स स्ट्रोल, २०२१ चा ऑलिव्हर बेअरमन, २०२२ चा किमी अँटोनेली. तिघंही पुढे फॉर्म्युला १ मध्ये पोचले. त्यामुळे जगभरचे पालक तिथेच रांग लावतात. २०२२ पासून गाडी सगळ्यांना एकच, टाटूस कंपनीची टी-४२१. इंजिन अबार्थचं १.४ लिटर टर्बो. हंगाम साधारण सात फेऱ्यांचा, वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत. मिझानो, इमोला, मुजेल्लो, मोंझा ही नावं वेळापत्रकात हमखास दिसतात.

वय

किमान वय १५ पूर्ण, आणि ते वर्षाच्या सुरुवातीला नाही, तर शर्यतीच्या वेळी पूर्ण हवं. अँटोनेलीचा जन्म २५ ऑगस्ट २००६ चा. २०२१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, म्हणून बाहेर थांबला. ऑगस्टमध्ये पंधरावं पूर्ण झालं, सप्टेंबरात तो प्रेमा टीमच्या गाडीत होता आणि उरलेल्या फेऱ्या चालवून पुढच्या वर्षी थेट विजेता झाला. ज्यांचा वाढदिवस जून ते सप्टेंबरमध्ये येतो, त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. अर्ध्या हंगामाचा खर्च कमी, दडपण कमी आणि ट्रॅक ओळखीचे होतात.

ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही. आरटीओचा या सगळ्याशी संबंध नाही, हे आजी-आजोबांना पटवणं मात्र अवघड जातं. आणि हो, पंधरावं वर्ष म्हणजे आपल्याकडे दहावी. हंगामपूर्व टेस्टिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, बोर्डाची परीक्षाही त्याच दिवसांत. काही घरं यासाठी एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेचा पर्याय घेतात. हा निर्णय टीमशी बोलायच्या आधी व्हायला हवा, कारण टीमचा लगेचचा दुसरा प्रश्न असतो की मुलगा किती दिवस उपलब्ध आहे.

परवाना: सगळ्याचं मूळ

एफआयएच्या नियमांत प्रत्येक देशाची एकच मान्यताप्राप्त संस्था असते. भारतात ती म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, एफएमएससीआय, मुख्यालय चेन्नईला. भारतीय पासपोर्टच्या मुलाचा आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच निघतो. इटलीत जाऊन "तिकडचं लायसन्स काढू" हा शॉर्टकट चालत नाही. दुसऱ्या देशाच्या संस्थेला परवाना द्यायचा असला, तर तिला आधी मूळ संस्थेची संमती घ्यावी लागते आणि अर्जदाराला त्या देशात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. दुबई-अबूधाबीत स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांना हे लागू पडतं: तिथली संस्था एमिरेट्स मोटरस्पोर्ट्स ऑर्गनायझेशन. पण तिथेही एफएमएससीआयला वळसा घालून जाता येत नाही.

आंतरराष्ट्रीय परवान्याच्या श्रेणी खालून वर डी, सी, बी, ए अशा चढतात, आणि सगळ्यांच्या वर फॉर्म्युला १ साठीचा सुपरलायसन्स. फॉर्म्युला ४ ला खालची श्रेणी पुरते. फेडरेशन ती देताना मुलाचा पूर्वेतिहास बघते, म्हणून राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांचे निकाल जपून ठेवा. कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. अशा मान्यताप्राप्त स्पर्धेतला सातवा क्रमांकही मॉलमधल्या ट्रॅकवरच्या दहा ट्रॉफ्यांपेक्षा कामाचा. निकालपत्रक हवं, फोटो नव्हे.

अर्जासोबत जन्माचा पुरावा, पासपोर्ट, फोटो, रक्तगट, वैद्यकीय प्रमाणपत्र, पालकांचं संमतीपत्र आणि शुल्क. इथे एक बारीक गोष्ट नेहमी नडते: नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर "पाटील अथर्व सचिन", पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात "अथर्व सचिन" आणि आडनावाच्या रकान्यात "पाटील", तर कार्टिंगच्या लायसन्सवर नुसता "अथर्व पाटील". इथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या तपासणीच्या टेबलावर मात्र ही तीन वेगळी माणसं दिसू शकतात. परवाना पासपोर्टवरच्या नावाबरहुकूम, अक्षर न अक्षर तसाच काढून घ्या. स्पेलिंगमधला एखादा जादा "ए" सुद्धा सोडू नका.

परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते, तो कधीही काढलेला असो. नोव्हेंबरात उत्साहानं काढलेला परवाना दोन महिन्यांत बाद होतो.

परवाना हातात आला म्हणजे झालं असंही नाही. परदेशातल्या स्पर्धेत उतरायला स्वतःच्या फेडरेशनची पूर्वसंमती लागते. हे स्वतंत्र पत्र आहे आणि सर्वांत जास्त वेळा विसरलं जातं तेही हेच. अर्जात स्पर्धेचं नाव, फेऱ्यांच्या तारखा आणि टीम लिहून संपूर्ण हंगामाची संमती एकदमच मागावी. दर फेरीला चेन्नईला ईमेल करत बसण्यात अर्थ नाही.

वैद्यकीय तपासणी

एफआयएच्या नियमावलीतलं परिशिष्ट 'एल' यासाठी प्रमाण. फॅमिली डॉक्टरचं "फिट आहे" लिहिलेलं लेटरहेड उपयोगी नाही; ठरलेल्या नमुन्यातच अहवाल हवा. खरी कसोटी डोळ्यांची. चष्मा किंवा लेन्ससह प्रत्येक डोळ्याची दृष्टी ९/१०, किंवा एकाची ८/१० आणि दुसऱ्याची १०/१०. दृष्टीचं क्षेत्र किमान १२० अंश. रंगदृष्टीही तपासतात, कारण झेंडे आणि दिवे रंगांवरच चालतात. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची ती इशिहारा चाचणी कार्टिंगच्या पहिल्या वर्षीच करून घ्यावी असं माझं मत. दोष असेल तर लाखो रुपये घालवण्याआधी कळलेला बरा.

अपस्माराचे उपचार चालू असतील, किंवा गेल्या दहा वर्षांत त्याची लक्षणं दिसली असतील, तर परवाना मिळत नाही. इन्सुलिनवरच्या मधुमेहाला वेगळी वैद्यकीय परवानगी लागते. त्याला जोडूनच डोपिंगचा विषय येतो. मोटरस्पोर्टलाही जागतिक उत्तेजकविरोधी नियम लागू आहेत. दम्याचा साल्ब्युटामोल इन्हेलर ठरलेल्या मात्रेपर्यंत चालतो; इन्सुलिन आणि एकाग्रतेच्या विकारावरची काही औषधं यांसाठी मात्र उपचारार्थ सूट आधी मंजूर करून घ्यावी लागते. मूल नियमित घेत असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह फाइलमध्ये ठेवा, अगदी सर्दीच्या गोळीचीही.

टीम, करार, पैसे

स्पर्धेत "स्पर्धक" म्हणून टीम उतरते, तिचा स्वतःचा परवाना असतो. मूल त्या नोंदणीतला चालक. मूल अल्पवयीन म्हणून करारावर सही पालकांची. नामवंत टीमबरोबर पूर्ण हंगाम म्हणजे काही लाख युरो, रुपयांत कोटीच्या घरातली बाब. त्या आकड्यापेक्षाही करारातला अपघात-नुकसानीचा परिच्छेद नीट वाचा. सांगितलेल्या रकमेत टेस्टिंगचे दिवस किती, टायरचे संच किती आणि गाडी ठोकली तर सुट्या भागांचं बिल कुणाचं, ही तीन उत्तरं लेखी हवीत. नवख्या मुलाच्या वर्षात गाडीचा पुढचा पंख (विंग) आणि सस्पेन्शन मोडणारच, हे गृहीत धरून चाला. पहिल्याच वर्षाच्या मुलांसाठी वेगळी रूकी क्रमवारी असते. नोंदणीत त्या रकान्यात खूण आहे ना, तेही बघा.

पैसे पाठवायचा मार्ग रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, एलआरएस. मर्यादा दर आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर, आणि ती अल्पवयीनालाही स्वतंत्रपणे मिळते. फॉर्म ए-२ वर सही पालकाची, पॅन मात्र मुलाचंही हवं. दहावीतल्या मुलाचं पॅन काढायचं अनेकांच्या ध्यानीमनी नसतं. एकाच नावावरून मर्यादा ओलांडत असेल, तर आई, वडील आणि मूल अशी विभागणी सीएला विचारून करावी. वर्षाला १० लाख रुपयांपलीकडच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रोख अडकून राहते. हंगामाचं पहिलं बिल भरताना अनेक घरांचा हिशेब इथेच कोलमडतो. दोन हप्ते मार्चअखेर आणि एप्रिल असे विभागले, तर दोन आर्थिक वर्षांच्या मर्यादा मिळतात.

व्हिसा

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा. टुरिस्ट म्हणून अर्ज करण्याचा सल्ला देणारे एजंट भेटतील. त्यांचं ऐकू नका. इटलीच्या व्हिसा प्रकारांत क्रीडा स्पर्धेसाठी वेगळा प्रकार आहे आणि खरा उद्देश तोच आहे. सोबत टीमचं निमंत्रणपत्र, स्पर्धेचं वेळापत्रक आणि वर सांगितलेलं एफएमएससीआयचं संमतीपत्र. म्हणजे फेडरेशनचं काम झाल्याशिवाय इथे येऊन उपयोग नाही. मूल अल्पवयीन, म्हणून जन्माचा दाखला, दोन्ही पालकांची संमती आणि शाळेचं बोनाफाईड व रजेचं पत्र. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. बाराव्या वर्षानंतर शुल्क प्रौढांइतकंच, ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुंबईत अपॉइंटमेंटची मारामार असते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी बरा.

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम, हा नियम कागदावर लिहून भिंतीला लावा. दर फेरीला येऊन-जाऊन राहिलात तर दिवस पुरतात. मे ते ऑगस्ट मुलाला टीमजवळच ठेवायचं म्हटलं की ते संपतात, आणि मग शिक्षणासारख्या कारणानं दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा बघावा लागतो. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. ब्रिटिश एफ-४ ला व्हिसा वेगळा आणि दिवसही वेगळे मोजले जातात.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, ही व्हिसाची अट. पण नेहमीच्या प्रवास विम्यात मोटर रेसिंग सहसा वगळलेलं असतं. व्हिसासाठी एक पॉलिसी आणि शर्यतीतल्या अपघातासाठी दुसरी, असंच धरून चला.

हेल्मेट आणि कपडे

हेल्मेटच्या आत, अस्तराखाली किंवा पट्ट्यावर, एफआयएचं छोटं लेबल लावलेलं असतं. त्यावर ८८५९-२०१५ किंवा त्यावरचं ८८६० मानक छापलेलं हवं. कार्टिंगचं हेल्मेट बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं, पण त्याचं मानक वेगळं. ते इथे बाद. मानेच्या संरक्षणासाठीचं हान्स ८८५८ मानकाचं, सूट, आतले कपडे, हातमोजे आणि बूट ८८५६-२०१८ चे. लेबल कापलं गेलं किंवा धुऊन पुसलं गेलं, तर महागातला सूटही नाकारला जातो. मूल या वयात वर्षाला दोन-तीन इंच वाढतं, म्हणून सूट शेवटी घ्या. हेल्मेट टीमच्या सीटमध्ये बसवून बघितल्यावर घेतलं तर आणखी चांगलं.

इटलीच झेपेल असं नाही

फ्रेंच एफ-४ ची रचना निराळी आहे. तिथे सगळ्या गाड्या फ्रेंच फेडरेशनची अकादमी एकाच छताखाली सांभाळते, वेगळ्या टीम नाहीत. त्यामुळे संपर्क थेट अकादमीशी, आणि कुणाची टीम श्रीमंत हा प्रश्न बराचसा मिटतो. भारतीय एफ-४ ही याच एफआयए चौकटीतली स्पर्धा. २०२३ पासून चालू आहे आणि परवान्यासाठी निकाल जमवायला घराजवळची जागा आहे. मुलगी असेल तर १६ ते २५ वयोगटातल्या मुलींसाठीची एफ-वन अकादमी ही स्पर्धा लक्षात ठेवा. गाडी तीच टाटूस, आणि फॉर्म्युला १ च्या टीम तिथे मुलींच्या पाठीशी असतात.

टीमच्या जागा आदल्या शरद ऋतूत भरायला लागतात. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टीमशी बोलणी आणि एखादी टेस्ट, डिसेंबरात वैद्यकीय तपासणी आणि मुलाचं पॅन, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या वर्षाचा परवाना आणि त्याच ईमेलमध्ये परदेशी स्पर्धेच्या संमतीचा अर्ज. ते पत्र हाती आलं की व्हिसाची अपॉइंटमेंट. शर्यतीच्या आठवड्यात तपासणीच्या टेबलावर मूळ परवाना, संमतीपत्र, वैद्यकीय कागद आणि पासपोर्ट लागतात. फोनमधल्या फोटोंवर विसंबू नका. पालकांपैकी एकजण सोबत असलेला बरा, कारण अल्पवयीनाच्या कागदांवर ऐनवेळी सही लागली तर ती टीमचा मॅनेजर करू शकेलच असं नाही. पालक जाणार नसतील तर कुणाला अधिकार दिला आहे याचं नोटरी केलेलं पत्र सोबत द्या.